शुश्रूषेची वर्षं संपल्यावर: स्वतःचा दिवस पुन्हा लावताना

घरातलं माणूस तीन-चार वर्षं अंथरुणाला खिळलेलं असतं, तेव्हा त्याचं सगळं करणाऱ्याचा दिवसही त्याच पलंगाला बांधलेला असतो. सहाला तोंड धुवायला कोमट पाणी, सातला पेज, आठची गोळी, दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री एकदा तरी चादर बदलायची. स्वतःची नोकरी, मैत्रिणी, दुखरी दाढ, चष्म्याचा नंबर, सगळं ‘नंतर बघू’वर गेलेलं. मग ते माणूस जातं. तेरावा-चौदावा होतो, पाहुणे परततात, आणि पंधराव्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळी जाग येते, पण उठून करायचं काहीच नसतं.

हा लेख त्या पंधराव्या दिवसापासून पुढच्या वर्षभरासाठी आहे. सुनेसाठी, मुलासाठी, बायकोसाठी, नवऱ्यासाठी. ज्याने केलं त्याच्यासाठी. दुःख किती करावं, कसं करावं हे कुणी कुणाला सांगू नये. झोप, अंग, खोली, कागद, माणसं आणि काम पुन्हा कोणत्या क्रमाने हाती घ्यायचं, तेवढं इथे आहे. त्यात एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. चालणं, योगासनांचा वर्ग, संगणकाचा कोर्स आणि घराची रंगरंगोटी एकाच सोमवारी सुरू केली, तर दोन-तीन आठवड्यांत चारही सुटतात आणि ‘आपल्याच्याने आता काही होणार नाही’ अशी खात्री वाटू लागते. दोष अंगातल्या ताकदीचा नसतो, घाईचा असतो.

सुरुवात झोपेपासून

पहिलं काम अगदी छोटं आहे. फोनमधले गजर उघडा आणि ‘आईची गोळी’, ‘इन्सुलिन’, ‘डायपर’ असे जेवढे असतील तेवढे काढून टाका. जड जात असेल तर शेजारी कुणाला तरी बसवून काढा, पण पहिल्या आठवड्यातच काढा. रात्री दहाचा तो आवाज अंग दचकवतो आणि पुढचा तासभर झोप लागत नाही. पलंगाजवळची बोलावण्याची बेलही काढून ठेवा.

रात्री दोन-दोन तासांनी उठायची सवय माणूस गेल्याबरोबर जात नाही. दीड वाजता, साडेतीनला डोळे उघडतात, कानोसा घेतला जातो. काही आठवडे हे चालणारच, त्याला आजार समजू नका. झोपायची वेळ ठरवण्यात शक्ती घालवू नका; उठायची वेळ ठरवा. साडेसहा तर साडेसहा, रात्री डोळ्याला डोळा लागला नसला तरी, रविवारी सुद्धा. उठल्यावर तासाभरात वीस ते तीस मिनिटं उघड्यावर उजेडात जा. गच्ची, अंगण, सोसायटीचं आवार, काहीही चालेल. खिडकीतून येणारा उजेड पुरत नाही. ढगाळ पावसाळी आकाशाखालीसुद्धा घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश असतो, आणि शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं. सकाळ पक्की झाली की रात्र हळूहळू आपोआप जुळते.

दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि तीनच्या आधी. शेवटचा चहा चारला. रात्री साधारण वीस मिनिटं झोप आली नाही तर पडून तळमळू नका. उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, शेंगा सोला, लसूण निवडा, जपाची माळ घ्या. फोन नको. पेंग आली की परत या. अंथरुणात जागं पडून राहिलं, की अंथरूण म्हणजे जागरण असं शरीर शिकतं.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. आजाऱ्याला दिलेल्या झोपेच्या गोळ्यांची अर्धी पट्टी डब्यात उरलेली असते आणि ‘एक घेऊन बघू’ असं हमखास वाटतं. त्या गोळ्यांची सवय काही आठवड्यांत लागू शकते, सोडताना झोप पहिल्यापेक्षा बिघडते, आणि पन्नाशी-साठीनंतर रात्री उठताना तोल जाऊन पडण्याची भीती वाढते. महिनाभर वरचं सगळं करूनही झोप येत नसेल तर डॉक्टरांना भेटा, आणि किती वर्षं रात्री जागून काढली तेही त्यांना सांगा.

अंग: आधी तपासणी, मग चाल

वर्षानुवर्षं दवाखान्यात गेलात ते दुसऱ्याची फाइल घेऊन. आता स्वतःची एक फाइल करा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि मधुमेहासाठी एचबीएवनसी एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून करून घ्या. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते, त्यासाठी उपाशी पोटाची गरज नसते. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं अगदी सामान्य आहे. थकवा, पायाला मुंग्या आणि विसराळूपणा तिन्ही त्याने येऊ शकतात, आणि आपण ते दुःखाच्या खाती मांडत राहतो. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, अर्धा तास आधी चहा नको, आणि एका आकड्यावर निष्कर्ष काढू नका; वेगवेगळ्या दिवशी मोजा. दात आणि डोळे याच महिन्यात उरका. तिशी ओलांडलेल्या बायकांनी गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणीही विचारून घ्यावी. शुश्रूषेच्या काळात सगळ्यात आधी राहून जाते ती हीच.

कंबर बहुतेकांची गेलेली असते, कारण माणसाला पलंगावर वर सरकवताना आपण वाकून, पाठीच्या जोरावर ओढतो. अशा पाठीला एकदम बारा सूर्यनमस्कार घालू नका. पहिले दोन आठवडे फक्त तीन गोष्टी. हात नसलेल्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, पाच वेळा, सकाळ-संध्याकाळ. ओट्याला धरून टाचा उचलणं, दहा वेळा. भिंतीवर हात टेकून पुढे झुकून मागे येणं, आठ वेळा. सोपं वाटू लागलं की दर आठवड्याला दोन-दोन वाढवा, पंधरापर्यंत. गुडघा दुखला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

चालणं तिसऱ्या आठवड्यापासून. दहा मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगाने. दर आठवड्याला तीन-चार मिनिटं वाढवत गेलं की दोन महिन्यांत अर्धा तास होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पावसाळ्यात घराबाहेर जमलं नाही तर जिन्याखालचा व्हरांडा किंवा मंदिराचा सभामंडप पुरतो. एखादा आठवडा सुटला तर मागच्या आठवड्याच्या मापापासून सुरू करा, भरपाई म्हणून दुप्पट चालू नका.

जेवण: एकट्याचं माप

काळजी घेणारा माणूस उरलेली मऊ खिचडी ओट्याशी उभ्याने खाऊन दिवस काढतो. आता ती सवय मोडायची आहे. हात मात्र जुन्याच मापाने तांदूळ काढतो आणि रात्री उरलेल्या भाताकडे बघून रडू येतं. त्यावर साधा उपाय म्हणजे भांडी बदला. मोठा कुकर माळ्यावर, दीड-दोन लिटरचा ओट्यावर. एकट्याला पाऊण वाटी तांदूळ आणि मूठभर डाळ पुरते.

प्रथिनं मुद्दाम मोजा, कारण दुःखात माणूस चहा-बिस्किटांवर राहतो आणि पायातली ताकद जाते. वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम धरा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. तीस ग्रॅम कोरड्या मुगाच्या डाळीत सुमारे सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. पंचावन्न किलोच्या बाईने दोन्ही वेळच्या डाळीसोबत मोड आलेली उसळ, दही आणि दाणे घेतले तरी आकडा गाठता येतो. आणि बसून जेवा, ताट वाढून घेऊन.

खोली आणि सामान

इथे घाई आणि दिरंगाई दोन्ही त्रास देतात, म्हणून दोन भाग करा.

भाड्याचं सामान पहिल्या दोन आठवड्यांत परत गेलं पाहिजे, भाडं चालू असतं. वर-खाली होणारा पलंग, ऑक्सिजनचं यंत्र, सक्शन मशीन. परत करताना अनामत रकमेची पावती जवळ ठेवा. स्वतःच्या मालकीची व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी, कमोडची खुर्ची साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत रुग्णसाहित्य नाममात्र भाड्याने देणारी केंद्रं आहेत, तिथे द्या. हवेच्या गादीचा पंप चालवून बघितल्याशिवाय देऊ नका. न उघडलेली डायपरची पाकिटंही तिथे घेतात का, ते विचारा.

औषधं शेजाऱ्यांत वाटायची नाहीत. मुदत शिल्लक असली तरी मात्रा दुसऱ्याची असते. मॉर्फिनच्या गोळ्या किंवा त्वचेवर चिकटवायच्या वेदनाशामक पट्ट्या उरल्या असतील तर ज्या रुग्णालयाने दिल्या त्यांच्याशी बोलून तिथेच परत करा. पट्टी वापरून झाली तरी तिच्यात औषध उरतं आणि लहान मुलाच्या हाती लागली तर जिवावर बेतू शकतं. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत झाकण लावून ठेवा आणि दवाखान्यात द्या. घंटागाडीत टाकल्या तर त्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

उरलेल्या वस्तू, म्हणजे कपडे, चष्मा, काठी, पोथी, डबी, यांना महिना-दीड महिना हात लावला नाही तरी काही बिघडत नाही. खोली मात्र बंद करून ठेवू नका. रोज सकाळी खिडकी उघडा, केर काढा. पलंग गेला की त्या जागी लगेच काही ठेवायची गरज नाही, पण दिवसातून एकदा तिथे बसायचं काम काढा: पेपर वाचणं, भाजी निवडणं. बंद ठेवलेल्या खोलीची भीती वाढत जाते आणि सहा महिन्यांनी कुलूप काढायलाही दुसरं माणूस लागतं. कपड्यांना हात घालाल तेव्हा आठवड्याला एक कप्पा, एक तासच, आणि सोबतीला कुणीतरी हवं. ठेवायचं, द्यायचं, आत्ता ठरत नाही, असे तीन ढीग. तिसरा ढीग मोठा झाला तर होऊ द्या, पिशवीवर तारीख लिहून सहा महिन्यांसाठी माळ्यावर टाका. सुती साड्यांची आणि धोतरांची गोधडी शिवून घेता येते. नातवंडांना वाटण्यासारखी यापेक्षा चांगली वस्तू क्वचित असते.

कागद आणि पैसे

मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेकडे व्हायला हवी. रुग्णालयात मृत्यू झाला तर रुग्णालय कळवतं, घरी झाला तर घरच्यांनी. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा आणि सही करण्याआधी नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी ताडून बघा. एका अक्षराने बँक, विमा, निवृत्तिवेतन तिन्हीकडे अडतं.

गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरू नका, पिन ठाऊक असला तरी. बँकेला कळवा आणि नामनिर्देशित व्यक्तीच्या नावाने दावा भरा. मृत्यूनंतर खात्यात जमा झालेलं निवृत्तिवेतन परत करावं लागतं, म्हणून ती रक्कम खर्चू नका. हयात जोडीदाराने कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज लगेच द्यावा. आणि नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. ती व्यक्ती वारसांच्या वतीने पैसे स्वीकारते. हे घरात आधीच बोलून घेतलं तर भावंडांत कटुता येत नाही.

स्वतःचेही कागद बघा. दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं निष्क्रिय होतं. केवायसी दिली की बँकेने ते विनाशुल्क सुरू करायला हवं. वाहन परवाना संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, तेव्हा आधी तारीख पाहा.

पहिले सहा महिने मोठा आर्थिक निर्णय नको. घर विकणं, सोनं वाटून टाकणं, मुदतठेव मोडून कुणाच्या धंद्यात घालणं, सगळं पुढे ढकला. दाव्याची रक्कम खात्यात आली की विम्याची पॉलिसी विकायला कुणीतरी येतंच. चुकून सही झालीच, तर पॉलिसीचे कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

माणसं, आणि पुढची विचारणा

या सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथे, म्हणून थोडं सविस्तर.

महिना-दोन महिन्यांत फोन येतो: ‘तू आता मोकळीच आहेस, काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवस येऊन राहशील का?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तुम्हाला हे काम येतं हे सगळ्यांना माहीत झालेलं असतं. आणि तुम्हालाही हो म्हणावंसं वाटतं, कारण रिकामा दिवस खायला उठतो आणि आजाऱ्याजवळ काय करायचं ते हाताला पाठ असतं. पण नुकती लागलेली झोप, कंबर, चालणं सगळं पहिल्या रात्रीच्या जागरणात परत जातं आणि पंधरा दिवसांचे तीन महिने होतात. निदान सहा महिने राहून करायची शुश्रूषा घेऊ नका. उत्तर आधीच तयार ठेवा: ‘काकू, मला डॉक्टरांनी सहा महिने जागरण आणि उचलणं बंद सांगितलंय. मंगळवारी दुपारी दोन ते पाच मी येऊन बसते, तेवढ्या वेळात वहिनी बाहेर जाऊन येतील.’ डॉक्टरांना तसं खरंच विचारून घ्या, बहुतेक तेच सांगतील. वार आणि तास ठरवून दिलेली मदत पेलते. ‘लागेल तेव्हा सांगा’ म्हटलेली मदत पेलत नाही.

सुटल्यासारखं वाटणं आणि त्याची लाज वाटणं दोन्ही सोबत येतात. वर्षानुवर्षं एखाद्याचे हाल जवळून पाहिलेल्या माणसाला त्याचे हाल संपल्याचं हायसं वाटतं. याने प्रेम कमी ठरत नाही. हे निदान एका माणसाजवळ मोठ्याने बोला, शक्यतो ज्याने स्वतः कुणाचं असं केलं आहे त्याच्याजवळ.

जुन्या मैत्रिणींना, मित्रांना आठवड्याला एक फोन, एवढंच सुरुवातीला. ‘इतकी वर्षं फोन केला नाही’ या संकोचावर अर्धा तास बोलू नका, एक वाक्य पुरे, मग त्यांचं विचारा. तिसऱ्या महिन्यापासून ठरावीक वाराची एक जागा शोधा: भजनी मंडळ, गावातलं वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब. निवड करताना घरापासूनचं अंतर आणि वेळ पाहा. आवड दुसऱ्या क्रमांकावर. वीस मिनिटांपेक्षा लांब असलेली जागा पावसाच्या पहिल्या आठवड्यात सुटते. गावाला कुणाकडे जायचं असेल तर एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत.

सणावारांची आधी आखणी करा. पहिली दिवाळी, त्यांचा वाढदिवस, पितृपक्ष, वर्षश्राद्ध, या तारखा कॅलेंडरवर खुणा करून ठेवा आणि त्या दिवशी कोण सोबत असेल ते आठवडाभर आधी ठरवा. बऱ्याच घरांत पहिल्या वर्षी फराळ करत नाहीत, नातेवाईक आणून देतात. तो आणून देणाऱ्याला बसवून घ्या.

मदत कधी घ्यायची

सलग दोन आठवडे जेवण-झोप जवळजवळ बंद, आंघोळही नको वाटणं, दारूचं प्रमाण वाढणं, कशातच अर्थ नाही असं दिवसभर वाटणं. यातलं काही असेल तर डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ. मरणाचे विचार येत असतील तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा आणि १४४१६ या टेली मानस क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. वर्ष उलटूनही रोजचा दिवस पहिल्या महिन्याइतकाच जड असेल, तर ‘काळ जाऊ दे’ म्हणत थांबू नका; लांबलेल्या शोकावर उपचार आहेत.

काम आणि शिकणं

चौथ्या-पाचव्या महिन्याच्या आधी नाही, पैशांची निकड नसेल तर. निकड असेल तर आठवड्याला तीन अर्धे दिवस इथून सुरुवात करा आणि महिनाभराने वाढवा. मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल एका वाक्यात सांगा: ‘२०२१ ते २०२५ घरी सासऱ्यांची पूर्णवेळ शुश्रूषा केली, आता ती जबाबदारी संपली आहे.’ माफी मागू नका, लांबण लावू नका. औषधांचं वेळापत्रक, दवाखान्याचे हिशोब, विम्याचे दावे, कामाच्या बाईच्या आणि आयाच्या पाळ्या तुम्ही सांभाळल्या आहेत. कार्यालयातल्या कामासाठी हे उपयोगाचं आहे, अर्जात तसंच लिहा.

शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच आहे. प्रवेशाच्या तारखा आणि जवळचं अभ्यासकेंद्र त्यांच्या संकेतस्थळावर मिळतं. आधी अंदाज घ्यायचा असेल तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर एखादा छोटा अभ्यासक्रम निवडा. शिकणं मोफत असतं, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच शुल्क पडतं. पहिल्यांदा परीक्षेचा अर्ज भरू नका. रोज सकाळच्या फेरीनंतर चाळीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, असं महिनाभर बसता आलं तर मगच शुल्क भरा. नाही बसता आलं तर वेळ बदलून पुन्हा महिनाभर बघा.